दादेचा बाजारभाव

नागपूरचा प्रेक्षक गप्प बसत नाही, हे विधान सिद्ध करण्यासाठी कोणत्याही संशोधनपद्धतीची गरज नाही. शहरातील कोणत्याही सभागृहात मध्यंतराच्या वेळी चहाच्या टेबलाजवळ उभे राहिले तरी पुरेसा पुरावा गोळा होतो. गाणे आवडले तर ते शेजाऱ्याला सांगणे, आवडले नाही तर ते गायकाला ऐकू जाईल अशा बेताने शेजाऱ्यालाच सांगणे, आणि काहीच कळले नाही तर ‘एक नंबर’ म्हणून मोकळे होणे, ही येथील रसिकतेची तीन सर्वमान्य रूपे आहेत. डिजिटल तंत्रज्ञानामुळे सर्जनशीलता आणि प्रेक्षकांचा सहभाग यांत काय बदल होत आहेत, याच्या अभ्यासासाठी असे बोलके शहर फार सोयीचे ठरते. मोबाइलमुळे मुक्या प्रेक्षकाला वाचा फुटली, असा जो सिद्धान्त इतरत्र मांडला जातो तो नागपुरात लागू पडत नाही, कारण येथील प्रेक्षकाला वाचा आधीपासूनच होती आणि ती मुबलक होती; मोबाइलने जे काम तोंड करत होते ते अंगठ्याकडे सोपवले, एवढेच.

माध्यमव्यवसायात ज्याला ‘एंगेजमेंट’ म्हणतात, तो म्हणजे प्रेक्षकाने एखाद्या कृतीला दिलेला मोजता येण्याजोगा प्रतिसाद होय. त्यात लाइक, कमेंट, शेअर आणि पडद्यासमोर घालवलेले सेकंद यांचा समावेश होतो. या व्याख्येचा सारा भार ‘मोजता येण्याजोगा’ या विशेषणावर आहे. त्यामुळे कीर्तन ऐकता ऐकता खांबाला टेकून समाधानाने डोळे मिटणाऱ्या आजोबांचा प्रतिसाद हिशेबात येत नाही. मात्र रील, म्हणजे काही सेकंदांची उभी चित्रफीत, पाहता पाहता मोबाइल छातीवर ठेवून झोपी गेलेल्या त्यांच्या नातवाचा प्रतिसाद हिशेबात येतो आणि चांगला भरघोस येतो, कारण ती रील त्याच्या छातीवर पुन्हा पुन्हा आपली आपणच वाजत राहते. झोप दोघांचीही सारखीच गाढ असली, तरी एकीची नोंद होते आणि दुसरीची होत नाही.

प्रेक्षकाचा प्रतिसाद मोजण्याची कल्पना मात्र आधुनिक नाही. नागपूर जिल्ह्यातील रामटेकला १९९७ पासून संस्कृतचे स्वतंत्र विद्यापीठ असल्यामुळे या विषयात भरतमुनींची साक्ष काढणे फारसे आडवाटेचे मानले जाऊ नये. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा, म्हणजे तो प्रेक्षकांपर्यंत किती पोहोचला याचा, सविस्तर विचार केला आहे. सिद्धी दोन प्रकारची, मानुषी आणि दैवी. त्यांपैकी मानुषी सिद्धी पुन्हा तोंडाने दिलेली आणि शरीराने दिलेली अशी दोन प्रकारची. तोंडाने दिलेल्या दादेत स्मित, अर्धहास, अतिहास, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्ट’ असे उद्गार आणि शेवटी मोठा कल्लोळ येतो. फेसबुकने २०१६ च्या फेब्रुवारीत साध्या लाइकच्या जोडीला प्रेम, हास्य, आश्चर्य, दुःख आणि राग अशी चिन्हे दिली, तेव्हा ती मोठी नवलाई म्हणून गाजली. प्रत्यक्षात हास्य, आश्चर्य आणि दुःख या खात्यांवर भरतमुनींची नोंद सुमारे दोन हजार वर्षे आधीची आहे, आणि हसण्याच्या बाबतीत तर त्यांनी तीन वेगवेगळ्या पायऱ्या ठेवल्या होत्या, ज्या फेसबुकला एकाच पिवळ्या गोळ्यात उरकाव्या लागल्या. रागाचे चिन्ह मात्र फेसबुकचे स्वतःचे, आणि ते किती उपयोगी पडते हे निवडणुकीच्या दिवसांत कोणालाही दिसते.

शरीराने दिलेल्या दादेत मात्र प्राचीन आणि अर्वाचीन यांची वाट वेगळी होते. अंगावर रोमांच येणे, जागेवरून उठून उभे राहणे, अंगावरचे वस्त्र नटाकडे फेकणे आणि बोटातली अंगठी काढून देणे, अशी ती यादी आहे. ही यादी लक्षपूर्वक वाचली असता असे दिसते की तिच्यातील प्रत्येक पुढची दाद आधीच्या दादेपेक्षा महाग आहे: रोमांचाला काही पडत नाही, उठायला गुडघे लागतात, वस्त्र दिले तर घरी जाताना पंचाईत होते आणि अंगठी दिली तर घरी पोहोचल्यावर. दादेची प्रत तिच्या किमतीवरून ठरते, हे तत्त्व येथे न सांगता सांगितलेले आहे, आणि डिजिटल युगातील बदल समजून घेण्यासाठी एवढे एक तत्त्व हाती असले तरी पुष्कळ काम होते.

प्रयोगाला येणाऱ्या विघ्नांनाही, ज्यांना भरतमुनी ‘घात’ म्हणतात, हेच तत्त्व लागू होते. वारा, पाऊस, हत्ती आणि साप ही दैवाने येणारी विघ्ने सोडली, तर मत्सरी लोकांनी मुद्दाम आणलेल्या विघ्नांत आरडाओरडा करणे, शेण व ढेकळे फेकणे आणि रंगभूमीवर मुंग्या सोडणे यांचा उल्लेख आढळतो. आजच्या भाषेत यालाच ‘ट्रोलिंग’, म्हणजे एखाद्याला ठरवून सार्वजनिकरीत्या छळणे, म्हणतात. परंतु ज्या माणसाने दिवसभर राबून मुंग्या गोळा केल्या, त्या पुडीत बांधल्या, चावे सहन करीत नाट्यगृहापर्यंत आणल्या आणि नेमक्या नायिकेच्या प्रवेशाला सोडल्या, त्याच्या द्वेषात निदान काही परिश्रम होते. नागपुरात बर्डीवरच्या सिग्नलला थांबल्या थांबल्या हिरवा दिवा लागेपर्यंत चार अनोळखी कलावंतांचा उद्धार करणाऱ्याच्या द्वेषाला तेवढाही कस लागत नाही.

सिद्धी आणि घात यांचा हिशेब ठेवण्यासाठी भरतमुनींनी परीक्षकांच्या जोडीला लेखक आणि गणक बसवले होते. त्यांचे काम आता यंत्राकडे गेले आहे आणि यंत्र ते प्रामाणिकपणे करते. इतके की, २०१४ च्या डिसेंबरात ‘गंगनम स्टाइल’ या कोरियन गाण्याच्या दर्शकांची संख्या दोनशे चौदा कोटींच्या पुढे जाऊ लागली, तेव्हा एवढी मोठी संख्या लागेल अशी कल्पनाच यूट्यूबने केलेली नसल्यामुळे त्यांना आपला गणक बदलून मोठा करावा लागला. भरतमुनींच्या गणकावर असा प्रसंग आल्याची नोंद नाही. भरतमुनींनी प्रेक्षकांचे गटही पाडले होते: तरुणांना शृंगार रुचतो, द्रव्याची इच्छा असणाऱ्यांना द्रव्याच्या गोष्टी रुचतात, वृद्धांना पुराणकथा रुचतात, आणि बालक व मूर्ख विनोदावर संतुष्ट होतात. विनोदी लेखाच्या वाचकांनी या अध्यायात याहून खोल जाऊ नये हे बरे.

हेच गट पाडण्याचे काम आज ‘अल्गोरिदम’ करते, म्हणजे कोणाला काय दाखवायचे हे त्याच्या आधीच्या वागण्यावरून ठरवणारी संगणकीय नियमावली. भरतमुनींचा तरुण पुढे वृद्ध होण्याची आणि पुराणाकडे वळण्याची शक्यता होती. अल्गोरिदमचा तरुण तरुणच राहतो. पोह्यांवर एकदा तर्री मागून घेतली म्हणून पुढे जन्मभर वरणात, खिरीत आणि ताकातही तर्री वाढत राहणाऱ्या वाढप्यासारखी त्याची रीत असते, आणि गिऱ्हाइकाने ताटातले संपवले याचा अर्थ तो ‘आवडले’ असाच घेतो. या रीतीचा परिणाम प्रेक्षकापेक्षा कलावंतावर अधिक होतो. एकदा सासू-सुनेच्या वऱ्हाडी संवादावर हजारो लाइक मिळालेला होतकरू नट पुढे शेक्सपिअर करू इच्छितो, तेव्हा त्याच्याकडून लेडी मॅकबेथची सासू कधी येणार, अशी विचारणा सुरू होते. मागणी आधी आणि निर्मिती नंतर, हा क्रम किराणा दुकानाला शोभतो. कलेच्या व्यवहारात तो इतक्या सहजपणे रूढ होईल असे पूर्वी कोणाला वाटले नव्हते.

निर्मितीची अंतर्गत रचनाही या मोजणीने बदलते, आणि त्याचे उत्तम उदाहरण गझलेच्या बाबतीत सापडते. रेशीमबागेतील भव्य सभागृहाला कविवर्य सुरेश भट (१९३२–२००३) यांचे नाव आहे, आणि मराठी गझल व्यासपीठावरून रुजवणाऱ्या कवीचे नाव सभागृहाला असणे उचितच आहे, कारण गझल हा मुळातच श्रोत्याला सामील करून घेणारा प्रकार आहे. कवी शेराची पहिली ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, श्रोते ती उचलतात, ‘मुकर्रर’ म्हणजे पुन्हा एकदा म्हणावे अशी मागणी करतात, आणि या साऱ्या वेळात दुसरी ओळ कवीच्या खिशात असते. काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, आणि रदीफ, म्हणजे त्यानंतर जसाच्या तसा येणारा शब्दसमूह, हे मतल्यातच, म्हणजे पहिल्या शेरातच, कळलेले असल्यामुळे पुढच्या प्रत्येक शेराच्या अखेरीस कवी आणि श्रोता एकाच वेळी रदीफेवर उतरतात. दुसरी ओळ राखून ठेवणे हीच येथे कला असते, आणि वाट पाहणे ही श्रोत्याने मोजलेली किंमत असते.

याउलट, जून २०२० च्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने येथे ‘रील्स’ सुरू केले, तेव्हा आरंभी रीलची मर्यादा १५ सेकंदांची होती. या अवधीत पारंपरिक मुशायऱ्याचा सूत्रसंचालक कवीच्या नावामागची विशेषणेही पुरी करू शकत नाही. प्रेक्षक अंगठ्याच्या एका हालचालीने निघून जाऊ शकत असल्याने रीलच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत त्याला अडकवणे भाग असते, आणि या अडकवण्याला ‘हुक’ असे मासेमारीतले नाव दिलेले आहे. परिणामी दुसरी ओळ आधी येते, पहिली ओळ नंतर आलीच तर खाली वर्णनात येते, आणि ‘मुकर्रर’ म्हणण्याची सोय उरत नाही, कारण रील न सांगताच पुन्हा सुरू होते. या नियमाने लिहिलेल्या रहस्यकथेत खुनी पहिल्या वाक्यात पकडला जाईल आणि उरलेल्या कथेत तो प्रेक्षकांना फॉलो करण्याची विनंती करील.

दीर्घ कलाप्रकारांचा काळ संपला, असा निष्कर्ष यावरून काढण्याची घाई मात्र करू नये, कारण नागपूरच्या पूर्वेला झाडीपट्टी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखातील रंगभूमीला झाडीपट्टी रंगभूमी म्हणतात; दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरू लागली, म्हणजे धान घरात येण्याच्या सुमारास होणाऱ्या जत्रा सुरू झाल्या, की तिचा हंगाम सुरू होतो. वडसा येथे नाटक कंपन्यांची कार्यालये असतात, गावकरी तेथे जाऊन नाटक ठरवतात, आणि रात्री उशिरा सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ‘वॉच टाइम’, म्हणजे प्रेक्षकाने सलग किती वेळ पाहिले, हे जर यशाचे माप मानले, तर कडाक्याच्या थंडीत घोंगडी पांघरून पाच-सहा तास एका जागी बसणाऱ्या झाडीपट्टीच्या प्रेक्षकासमोर कोणत्याही प्रथितयश इन्फ्लुएन्सरने, म्हणजे समाजमाध्यमावरील अनुयायांच्या बळावर वस्तू विकणाऱ्या व्यक्तीने, नतमस्तक व्हायला हवे. रात्री परतीची गाडी नसते हे या यशाचे एक कारण असू शकते, परंतु ते कारण नाटक कंपनीने निर्माण केलेले नाही, तिने फक्त त्याचा कलात्मक उपयोग करून घेतला आहे.

अंगठी फेकण्याची परंपराही पूर्णपणे लुप्त झालेली नाही. तमाशात तिचे नाव ‘दौलतजादा’ झाले, म्हणजे खूश झालेल्या प्रेक्षकाने कलावंताला भर कार्यक्रमात पैसे देणे आणि देणाऱ्याचे नाव सर्वांसमक्ष पुकारले जाणे. २०१७ मध्ये यूट्यूबने ‘सुपर चॅट’ या नावाने तीच सोय केली, जिच्यात पैसे देणाऱ्याचा संदेश रंगीत पट्टीत सर्वांच्या वर झळकतो. दोन्ही प्रकारांत पैसे कलावंताला आणि प्रसिद्धी दात्याला मिळते. फरक एवढाच की दौलतजादा करणाऱ्याला गावात तोंड दाखवायचे असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी घरी काय सांगायचे याची चिंता त्याच्या दिलदारपणात मुरलेली असते. टोपणनावाने सुपर चॅट करणारा या चिंतेतून मुक्त असतो आणि त्याच प्रमाणात त्याची दाद हलकी होते.

विकतची दादही तशी जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाट्यगृहांत पैसे घेऊन टाळ्या वाजवणाऱ्यांची टोळी असे, तिला ‘क्लाक’ म्हणत, आणि तिच्यात हसणारे, रडणारे व ‘पुन्हा एकदा’ असे ओरडणारे यांची कामे वाटून दिलेली असत. आज ज्याला हवे त्याला फॉलोअर विकत मिळतात, पण ते यंत्राने निर्माण केलेले असतात. पॅरिसच्या भाडोत्री रडणारणीला निदान रुमाल घेऊन वेळेवर नाट्यगृहात जावे लागे आणि पाचही अंक बसावे लागे. एखाद्या संध्याकाळी नाटक खरोखरच चांगले असेल तर ती फुकटही रडली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. यंत्राच्या बाबतीत ही शक्यता विचारात घेण्याचे कारण नाही.

या सर्व विवेचनाची खरी कसोटी नागपूरच्या मारबतीवर लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे लहान मुले लाकडी बैल मिरवतात त्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, इतवारी आणि जुन्या नागपूरच्या रस्त्यांतून मारबती निघतात. मारबत म्हणजे समाजातील रोगराई आणि अनिष्ट गोष्टी ज्यांच्याबरोबर गावाबाहेर घालवायच्या अशी स्त्रीरूपी भव्य प्रतिमा होय. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते असे मानले जाते, आणि काळ्या मारबतीचा संबंध भोसले घराण्यातील बांकाबाईंनी इंग्रजांशी केलेल्या हातमिळवणीबद्दलच्या रोषाशी जोडला जातो. त्यांच्याबरोबर निघतात ते बडगे. बडग्या म्हणजे त्या वर्षी ज्या गोष्टीचा लोकांना सर्वाधिक उबग आला असेल तिचा पुतळा; मग ती महागाई असो, भ्रष्टाचार असो, डास असोत किंवा एखादा नको तितका बोललेला पुढारी असो. या सगळ्यांना मारबतीने सोबत घेऊन जावे अशी आरोळी गर्दीतून उठते आणि शेवटी त्यांचे दहन होते.

रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये ‘मीम’ हा शब्द घडवला, तो एका मेंदूतून दुसऱ्या मेंदूत पसरणाऱ्या सांस्कृतिक घटकासाठी. पुढे तो शब्द मोबाइलवर फिरणाऱ्या खोचक चित्रांना चिकटला. चालू घडामोड, एक ठळक चित्र, खाली एक बोचरे वाक्य आणि क्षणार्धात सर्वांना कळणारा रोख, हे मीमचे सर्व घटक बडग्यात होते, आणि तो पसरतही असे, फक्त त्यासाठी बऱ्याच लोकांना तो खांद्यावर घ्यावा लागे. या खांद्यांमुळेच बडग्या आणि मीम यांच्यात मूलभूत अंतर पडते. बडग्या कोणत्या मंडळाचा हे सर्वांना ठाऊक असते. त्यावरचे वाक्य कोणी लिहिले हे वस्तीला माहीत असते. ज्याच्यावर टीका आहे त्याचे नातेवाईक चार गल्ल्या पलीकडे राहत असतात. वाक्य बोचरे हवे, पण पुढच्या वर्षी वर्गणी मागायला त्याच दारात जायचे आहे, या दोन सत्यांच्या कात्रीत जो विनोद जन्माला येतो त्याला धार आणि मर्यादा दोन्ही असतात. फिरत्या मीमला पत्ता नसतो, म्हणून त्याला धार असली तर मर्यादा नसते, आणि पुष्कळदा दोन्हींची उणीव असते.

दुसरे अंतर दहनाचे. बडग्याचे आयुष्य एका दिवसाचे असते आणि हे त्याच्या कर्त्याला बांबू तासण्यापूर्वीच माहीत असते. संध्याकाळी राग जाळून टाकायचा आणि पुढच्या वर्षी नवा शोधायचा, हा हिशेब शहराने मान्य केलेला असतो. डिजिटल उपहासाला दहन नाही. एखाद्या पाहुण्याने २०१६ साली लग्नात केलेले नृत्य आजही कौटुंबिक समूहात दर वाढदिवसाला परत येते, आणि इडापिडा घेऊन जाण्याऐवजी ती घरपोच आणून देणारी अशी ही उलटी मारबत वर्षाचे ३६५ दिवस चालू राहते. या उलट्या मारबतीला आवर घालण्याचा एकच उपाय आजवर परिणामकारक ठरलेला दिसतो, आणि तो म्हणजे खर्च वाढवणे. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली, आणि असे संदेश पुढे पाठवण्याचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. बंदी नव्हती, दंड नव्हता. तोच संदेश दुसऱ्या ठिकाणी पाठवण्यासाठी पुन्हा एकदा तीच बोटे हलवावी लागत होती, एवढ्या श्रमाने दहांपैकी सात वेळा समाजप्रबोधनाची तळमळ शांत झाली.

त्याच २०२० साली करोनाच्या निर्बंधांमुळे मारबतीची मिरवणूक निघू शकली नाही. ज्या वर्षी रोगराई हाकलण्याची सर्वांत अधिक निकड होती नेमक्या त्याच वर्षी हाकलणारीला घरी बसावे लागले, हा प्रसंग एखाद्या बडग्याला शोभेल असा होता. मोबाइलवर त्या दिवशी जुन्या मिरवणुकींची चित्रे फिरली, परंतु पडद्यावरची मारबत कोणतीही पीडा घेऊन गेल्याचे दिसले नाही. मारबतीला गर्दी लागते आणि त्या वर्षी गर्दी हीच पीडा होती.

आता मिरवणूक पुन्हा जोरात निघते आणि तिच्यात एक नवे दृश्य दिसते. बडग्या समोर आला की हात वर होतात, आणि प्रत्येक हातात मोबाइल असतो. बडग्याला पाहण्यासाठी आलेला प्रेक्षक त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो, कारण स्वतःसह त्याचे छायाचित्र घ्यायचे असते, आणि महागाईचा पुतळा स्मितवदनाच्या पार्श्वभूमीवर तेवढा भयावह वाटत नाही. चित्रीकरणापासून अलिप्त असतात ते फक्त बडग्या वाहून नेणारे तरुण, आणि त्यांची ही अलिप्तता वैचारिक नसून त्यांचे दोन्ही हात गुंतलेले असतात. एंगेजमेंटच्या व्याख्येप्रमाणे हेच तरुण त्या मिरवणुकीत सर्वांत कमी सहभागी ठरतात, कारण त्यांच्या नावावर एकही लाइक, शेअर किंवा सेकंद जमा होत नाही. ज्या मोजपट्टीने ओझे वाहणारा शून्यावर आणि ओझ्याकडे पाठ करणारा शंभरावर येतो, ती मोजपट्टी चुकीची आहे असे म्हणण्यापेक्षा ती दुसऱ्याच कशाची तरी आहे असे म्हणणे अधिक शास्त्रीय होईल.

निर्मितीचा खर्चही याच वेगाने उतरला आहे. २०२२ पासून वाक्य लिहून दिले की चित्र काढून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली, आणि महागाईचा राक्षस आता मिनिटभरात तयार होतो, रत्नजडित मुकुटासह आणि क्वचित एका जादा बोटासह. बांबू आणि कागद यांचा बडग्या करणाऱ्याला मात्र गल्लीची रुंदी, वरून गेलेल्या विजेच्या तारा, भाद्रपदातील पाऊस आणि वाहणाऱ्यांची खांद्याची उंची यांचा विचार करावा लागतो, आणि या अडचणींतून त्याला उपाय सुचतात: हात घडीचे करावे लागतात म्हणून तो राक्षस नमस्कार करू लागतो, आणि नमस्कार करणारा राक्षस पुढाऱ्यासारखा दिसू लागतो. ज्याला कुठूनही जायचे नसते त्या राक्षसाला नमस्कार करण्याची वेळ येत नाही. यंत्राला कल्पनाशक्ती आहे की नाही हा वाद तत्त्वज्ञांनी खुशाल चालवावा. त्याला इतवारीतल्या तारा नाहीत, ही उणीव निर्विवाद आहे.

येथवर मानुषी सिद्धीचाच विचार झाला. दैवी सिद्धीचे जे लक्षण भरतमुनींनी दिले आहे ते असे की, रंगगृह पूर्ण भरलेले असावे आणि तरीही तेथे शब्द नसावा, क्षोभ नसावा, उत्पात नसावा. अंगठी, वस्त्र आणि कल्लोळ या सर्वांहून वर त्यांनी भरल्या सभागृहाची शांतता ठेवली. महेश एलकुंचवार यांच्यासारखा श्रेष्ठ नाटककार याच शहरातला आहे. १९८५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या ‘वाडा चिरेबंदी’त माणसे जे बोलत नाहीत तेही प्रेक्षकाला ऐकावे लागते, आणि ते ऐकू येण्यासाठी प्रेक्षकाने स्वतः बोलणे थांबवावे लागते. दादेची प्रत तिच्या किमतीवरून ठरते हे तत्त्व मान्य केले, तर गप्प बसणे ही नागपूरच्या प्रेक्षकाने देऊ केलेली सर्वांत महाग दाद होय, कारण याहून अवघड त्याग त्याच्याकडून कोणी मागितलेला नाही. अंगठी पुन्हा करता येते. योग्य वेळी न मारलेला शेरा कायमचा वाया जातो.

आणि नेमकी हीच दाद यंत्राला दिसत नाही. लाइक नाही, कमेंट नाही, शेअर नाही, बोट हललेले नाही: अल्गोरिदमच्या वहीत दैवी सिद्धी आणि संपूर्ण अपयश यांची नोंद एकाच आकड्याने होते, आणि तो आकडा शून्य असतो. या शून्याच्या भीतीने कलावंत शांततेची जागा भरून काढू लागतो; विराम आला की पार्श्वसंगीत, पार्श्वसंगीत थांबले की नोंदलेले हशे, हशे ओसरले की घंटेचे बटण दाबण्याची विनंती. प्रेक्षकही त्या शून्यात राहू इच्छित नाही; अंधाऱ्या सभागृहात पहिल्या अंकाच्या ऐन विरामात एक पडदा उजळतो आणि त्यावर ‘अप्रतिम प्रयोग सुरू आहे’ असे टंकलिखित होऊ लागते, तेव्हा तो प्रयोग निदान त्या रांगेपुरता संपलेला असतो. भरतमुनींनी सापाचा आणि हत्तीचा प्रवेश विघ्नांत धरला होता, पण त्यांना असा प्रेक्षक माहीत नव्हता की जो प्रयोगाची स्तुती करण्यासाठीच त्याचा भंग करतो.

यावर आकडा लपवण्याचा उपाय सुचवला जातो, आणि इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये तशी सोय उपलब्धही करून दिली. परंतु लपवलेला आकडा ज्याचा त्याला दिसतच राहतो, त्यामुळे काळजी तेवढी खासगी होते. अधिक टिकाऊ उपाय भरतमुनींच्या यादीत आणि व्हॉट्सॲपच्या अनुभवात एकाच वेळी सापडतो, तो म्हणजे दादेचा भाव पुन्हा वाढवणे. ज्याला लाइक द्यायचा असेल त्याने मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना बर्डीहून इतवारीपर्यंत पायी जावे, तेथे ठेवलेल्या वहीत आपले खरे नाव व पूर्ण पत्ता लिहून सही करावी, आणि द्वेष व्यक्त करायचा असल्यास येताना मुंग्या आणाव्यात, अशी व्यवस्था लावली तर पुष्कळशी कीर्ती पहिल्याच उन्हाळ्यात विरघळून जाईल. परंतु दुपट्टा गुंडाळून, घामाघूम होऊन जे कोणी त्या वहीपर्यंत पोहोचतील त्यांच्या सहीला कोणताही कलावंत अंगठीचा मान देईल, आणि त्या सह्या मोजण्यासाठी यूट्यूबला पुन्हा एकदा गणक मोठा करण्याची वेळ खात्रीने येणार नाही.